मधुमेह : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील दिनचर्या आणि नियमन

मधुमेह : रक्तातील ग्लुकोज पेशींत पोचविणारे इन्सुलिन हे हॉर्मोन स्वादुपिंडातून अपुरे स्रवल्याने, किंवा स्रवूनही पेशी त्यास दाद देईनाशा झाल्याने, जडणारा चिरकारी विकार. उपाशीपोटी रक्तशर्करा दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक, अथवा सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविणारे एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक भरले, आणि फेरतपासणीतही तेच आढळले, तर निदान पक्के धरतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील रुग्णसंख्या सुमारे १०.१ कोटी आहे.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या पाण्याने दोन्ही तालुक्यांचा पूर्वभाग जिराईताचा बागायत झाला, निवृत्तीनगरचा विघ्नहर व पारगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, बाजरीच्या रानात ऊस, द्राक्ष आणि टोमॅटो आले. आणि या समृद्धीबरोबरच मोटारसायकल बांधापर्यंत पोचल्याने रयतेचे पूर्वापार चालणे मात्र घटले. काटक माणसाला ‘शुगर’ होत नाही, ही समजूत अद्याप गावोगाव टिकून आहे. ती निराधार असल्याचे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले : पुण्यानजीकच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तेथील नवजात बालके वजनाने कमी, तरीही तुलनेने मेदयुक्त आढळली, आणि खुद्द याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३ असता, युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के भरला.

आहाराच्या बाबतीत या मुलखास परके काही आणावे लागत नाही. बाजरीची भाकरी, मेथी वा चाकवताची पातळ भाजी, मटकीची उसळ आणि आदिवासी पट्ट्यातील नाचणी ही सामग्री उत्तमच. मात्र भाकरीही मोजून खावी लागते, आणि पश्चिमेकडील भातकरी कुटुंबांत ताटातला भात निम्म्यावर आणून ती जागा डाळ-भाजीस द्यावी लागते. जुन्नरची मासवडी बेसन, तीळ व खोबऱ्याची असल्याने, तेल आणि संख्या आवरल्यास, वर्ज्य नाही. खरा घात चहा करतो : दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाकाठी चाळीस ग्रॅमांवर साखर. गुऱ्हाळाचा ताजा गूळ ‘चालतो’ हे केवळ मनाचे समाधान. रक्तशर्करा त्यानेही तशीच चढते. एकादशीचा साबुदाणा व बटाटा हेही उपवासाच्या नावाखालील पिष्टान्नच होय. औषधे चालू असणाऱ्याने उपवासापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. कारले किंवा जांभळाच्या बियांची पूड घेऊन गोळ्या बंद करण्याची प्रथा घातक आहे.

पहाटे फिरावयास जावे, हा शहरी डॉक्टरांचा मामुली सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. उसाच्या आश्रयाने बिबट्यांची वस्ती झालेल्या आणि माणिकडोहास बिबट निवारा केंद्र असलेल्या या प्रदेशात अंधारात एकट्याने शिवेवरून फिरणे शहाणपणाचे नव्हे; उजाडल्यावर किंवा दिवेलागणीपूर्वी, सोबतीने, अर्धा तास भरभर चालावे.

शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येत असल्याने अनेकांना रात्री दारे धरावयास जावे लागते, आणि इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा शेतकरी सांजेचे जेवण चुकवून चिखलात राबू लागला, की साखर ७० मिलिग्रॅमखाली उतरून घाम, थरथर, धडधड आणि बोलण्यातील गोंधळ सुरू होतो. थंडीच्या रात्री फुटलेला हा घाम कष्टाचा समजून दुर्लक्षिला जातो, ही त्यातली खरी मेख. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास तितकीच पुन्हा घ्यावी व नंतर काही खावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही न घालता त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी, आणि कुठल्या रानात चाललो हे घरी सांगून ठेवणे, एवढी तजवीज पुरते. वापरातील इन्सुलिन, फ्रिज नसल्यास, कोरड्या डबीत घालून माठाच्या गारव्याला ठेवता येते. ते गोठू मात्र देऊ नये.

भातखाचरात अनवाणी वावरणाऱ्यांच्या पायांची संवेदना मंदावली, तर काटा रुतलेलाही कळत नाही व जखम चिघळते. म्हणून रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांसह तळवे पाहावेत. डोळ्यांच्या पडद्याची व मूत्रपिंडांची तपासणी वर्षातून एकदा आवश्यक. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची रक्तशर्करा व रक्तदाब यांची प्राथमिक तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. पुढील उपचारांसाठी जुन्नर, नारायणगाव व घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आणि मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे.