उमेदवार आणि सभासद : सेवाग्राम व मेडिको फ्रेंड सर्कल

व्यावसायिक मंडळांच्या इतिहासात विद्यार्थ्याचे स्थान बहुधा तळटीपेचे असते. अध्यक्ष, अधिवेशने, ठराव आणि नियतकालिके यांची नोंद राहते. विद्यार्थी मात्र स्वयंसेवक किंवा श्रोता म्हणून येतो आणि पदवी मिळाल्यावर निराळ्या नावाने यादीत दाखल होतो. आपल्या भाषेत या दोन अवस्थांसाठी दोन शब्द आहेत. ‘उमेदवार’ हा शब्द फार्सीतून आला. उमेद धरून थांबलेला तो उमेदवार. ‘उमेदवारी करणे’ म्हणजे धंदा शिकत दिवस काढणे. ‘सभासद’ हा संस्कृत शब्द असून सभेत ज्याला बसण्याचा अधिकार आहे, तो सभासद. व्यवसायाच्या मंडळात विद्यार्थ्याने उमेदवार म्हणून असावे की सभासद म्हणून, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात एका विशिष्ट काळी प्रत्यक्षात विचारला गेला. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न ज्या ज्ञानशाखेत विशेष आग्रहाने मांडला जातो, ती सामुदायिक मानसशास्त्राची होय. १९६५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्वॉम्पस्कॉट येथे झालेल्या परिषदेपासून या शाखेचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. मनुष्याच्या दुःखाचे कारण केवळ त्याच्या मनात शोधू नये, त्याच्या वस्तीत, मिळकतीत आणि सत्तेच्या वाटणीतही शोधावे, असा तिचा मूळ विचार. ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा त्याला निर्णयात वाटा हवा, असे मानणाऱ्या शाखेला आपल्याच मंडळातील विद्यार्थ्यांना दाराबाहेर ठेवणे शोभले नसते. पुढे तिच्या अमेरिकन मंडळाच्या कार्यकारिणीत विद्यार्थी-प्रतिनिधींना जागा मिळाली, हे या विचाराशी सुसंगतच झाले. वर्धा जिल्ह्यात मात्र हीच दृष्टी मानसशास्त्राच्या नव्हे, तर वैद्यकाच्या क्षेत्रात संघटित झाली.

याची पूर्वपीठिका तेथील भूमीतच होती. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० मध्ये त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि तिच्यातून झाकिर हुसेन समितीची योजना पुढे आली. नंतर हिंदुस्तानी तालीमी संघाने आर्यनायकम् दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली सेवाग्रामला नयी तालीमचा प्रयोग चालविला. आधी शिक्षण व मग काम हा क्रम या प्रयोगाने नाकारला. शिकणारा हा शिकत असतानाच समाजाचा उत्पादक घटक असतो, ही त्यामागील धारणा होती. नयी तालीमचा शाळांतील विस्तार पुढे ओसरला. परंतु ही धारणा सेवाग्रामच्या हवेत टिकून राहिली.

१९६९ हे गांधी-जन्मशताब्दीचे वर्ष. त्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. येथील नवागत विद्यार्थी प्रथम आश्रमात पंधरा दिवस राहतो. प्रार्थना, श्रमदान आणि सूतकताई यांत भाग घेतो. त्यानंतर प्रत्येक वर्षाच्या तुकडीसाठी एक खेडे निवडले जाते. तेथे शिबिर होते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. संस्थेत महाराष्ट्राबाहेरचेही विद्यार्थी असल्यामुळे अनेकांना खेड्यात गेल्यावर वऱ्हाडी बोलीशी गाठ घालावी लागते. ‘मला’ ऐवजी ‘मले’ म्हणणाऱ्या रुग्णाचे दुखणे समजून घेण्यासाठी डॉक्टरच रुग्णाचा विद्यार्थी होतो. वैद्यकाच्या शिक्षणात असा उलटा क्रम क्वचितच आढळतो, म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याची नोंद घेणे अगत्याचे आहे.

तथापि शिबिर हा अभ्यासक्रमाचा भाग होय. तेथे विद्यार्थी कितीही मन लावून काम करो, काय शिकवावे आणि कशाला व्यवसाय म्हणावे, हे ठरविण्यात त्याला वाटा नसतो. ती जागा निराळ्या ठिकाणी निर्माण झाली. १९७४ साली जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने प्रभावित झालेल्या काही तरुण वैद्यकांनी ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ या नावाने एकत्र येण्यास आरंभ केला. जानेवारी १९७६ पासून, म्हणजे आणीबाणीच्या काळात, त्यांची इंग्रजी पत्रिका निघू लागली. या मंडळाच्या अनेक वार्षिक बैठका सेवाग्रामला भरल्या आहेत.

मंडळाचे नाव काळजीपूर्वक पाहण्यासारखे आहे. ‘असोसिएशन’, ‘सोसायटी’, ‘कौन्सिल’ हे रूढ शब्द त्यात नाहीत. शिवाय भारतीय इंग्रजीत ‘मेडिको’ हा शब्द वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉक्टर या दोघांसाठीही वापरला जातो. १९२८ साली स्थापन झालेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनसारख्या मंडळाचे पूर्ण सभासदत्व पदवी आणि नोंदणी यांवर अवलंबून असते. येथे नावानेच ती सीमारेषा पुसून टाकली. पुढे तर डॉक्टर नसलेले कार्यकर्ते आणि संशोधकही या वर्तुळात आले. वर्गणी आणि सभासदांचे श्रम यांवर काम चालावे, बैठकीपूर्वी टिपणे सर्वांकडे जावीत आणि बैठकीत भाषणांऐवजी चर्चा व्हावी, अशी तिथली रीत आहे. टिपण वाचून आलेला विद्यार्थी ज्येष्ठ प्राध्यापकाचे म्हणणे खोडू शकतो, कारण तेथे दोघांचाही अधिकार वाचनाचा आणि अनुभवाचा असतो, पदाचा नसतो.

पत्रिकेतील निवडक लेखांचा पहिला संग्रह १९७७ साली ‘इन सर्च ऑफ डायग्नोसिस’ या नावाने प्रसिद्ध झाला. निदान येथे रोग्याचे नसून आरोग्यव्यवस्थेचे होते. औषधांच्या बाजारपेठेपासून वैद्यकीय शिक्षणाच्या स्वरूपापर्यंत जे प्रश्न महाविद्यालयाच्या वर्गात विचारले जात नव्हते, ते येथे विचारले गेले. ही नुसती टीका नव्हती. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर मार्च १९८५ मध्ये मंडळाने तेथील जे. पी. नगर आणि अण्णा नगर या वस्त्यांत तौलनिक पाहणी केली आणि तिचा अहवाल प्रसिद्ध केला. फुप्फुसांपुरतेच नुकसान पाहणाऱ्या मताला या अहवालाने आव्हान दिले. मित्रमंडळही पद्धतशीर संशोधन करू शकते, हे त्यावरून दिसले.

सेवाग्रामला या विचाराचे प्रत्यक्ष रूप डॉ. उल्हास जाजू यांच्या कामात दिसते. औषधवैद्यक विभागात अध्यापन करीत असताना त्यांनी १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीवर आधारलेली आरोग्यविमा योजना उभी केली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची. त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक आणि कस्तुरबा रुग्णालयात उपचारांची सवलत मिळावयाची. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाल्याशिवाय योजना लागू होत नसे. येथे ‘दत्तक’ या शब्दाचा विचार करावासा वाटतो. विद्यार्थी खेडे ‘दत्तक घेतात’ असे आपण सहज म्हणतो. परंतु दत्तक घेणारा हा पालक असतो आणि दत्तक गेलेला हा अजाण. अठरा वर्षांच्या मुलाने शेकडो वर्षांच्या गावाचे पालक व्हावे, हे या शब्दाने नकळत गृहीत धरले. ज्वारीच्या योजनेने हे नाते बदलले. जो वर्गणी देतो तो आश्रित राहत नाही; त्याला हिशेब विचारता येतो. विद्यार्थ्याला मंडळात जे स्थान मिळाले, तेच गावकऱ्याला रुग्णालयात देऊ करण्याचा हा प्रयत्न होता.

या प्रयोगाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मंडळाची पत्रिका इंग्रजीत असल्यामुळे तिचा वाचक निवडक राहिला. ज्या खेड्यांतून तिचे प्रश्न उगवले, त्या खेड्यांना ती वाचता येत नव्हती. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यालाही वर्तुळात बसण्यापूर्वी एक उंबरठा ओलांडावा लागे. दुसरे असे की, सत्ता व निधी यांपासून दूर राहिल्याने मंडळाचे स्वातंत्र्य टिकले, पण संख्या वाढली नाही. पदवीनंतर नोकरी आणि संसार यांच्या ओढीने अनेक जण अशा मंडळांतून गळतात. 

आज या इतिहासाला निराळे महत्त्व आले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमानुसार २०२१-२२ च्या तुकडीपासून देशभर प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने काही कुटुंबे ‘दत्तक’ घेणे आवश्यक झाले आहे. सेवाग्रामला पाच दशके चाललेली रीत आता नियम बनली. हे स्वागतार्ह होय. परंतु नियमाने सेवाग्रामचे शिबिर घेतले, वर्तुळ घेतले नाही. कुटुंबाच्या घरी जाऊन आलेल्या विद्यार्थ्याने जे पाहिले, ते कोणापुढे मांडावे आणि त्यावरून व्यवसायाने काय बदलावे, याची तरतूद या नियमात नाही. नोंदवही भरली की भेट संपते.

कोणत्याही ज्ञानशाखेच्या मंडळाला, मग ते मानसशास्त्राचे असो की भाषाशास्त्राचे, ही गोष्ट लागू आहे. विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत देणे आणि अधिवेशनात त्यांच्या निबंधांसाठी एक सत्र राखून ठेवणे, ही उमेदवारांची सोय झाली. टिपणे आगाऊ त्यांच्या हाती देणे, ती त्यांना कळतील अशा भाषेत लिहिणे आणि त्यांच्या आक्षेपाला उत्तर देण्याचे बंधन ज्येष्ठांनी स्वतःवर घेणे, हे सभासदत्व होय. पहिल्या मार्गाने मंडळाची संख्या वाढते. दुसऱ्या मार्गाने ज्ञानशाखेचे प्रश्न वाढतात. वर्धा जिल्ह्यातील अनुभवाचा कौल दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे.