रात्रभराचं नाटक, सकाळचं मत

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटकाविषयी मत नसलेला माणूस सापडणं कठीण. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो, पहाटे चार-पाचला नाटक संपतं आणि तासाभरात चहाच्या टपरीवर त्याचा निकाल लागतो. खलनायकात दम होता की तो नुसता ओरडत होता, विनोदी नटानं दुसऱ्या अंकात किती वेळ खाल्ला, नायिकेचं गाणं मागच्या लोकांपर्यंत पोचलं का, गेल्या सालच्या कंपनीचे पडदे यापेक्षा बरे होते का, अशा प्रत्येक गोष्टीवर बोलणं होतं. बोलणारे असतात धानाचे शेतकरी, मजूर, शाळामास्तर, माहेरी आलेल्या लेकी. पुढच्या वर्षी कोणत्या कंपनीला गावात बोलवायचं, हे याच गप्पांतून ठरत जातं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतली ही रंगभूमी तिकीट काढून येणाऱ्या गावकऱ्यांच्या पैशावर उभी आहे. त्यामुळे सकाळच्या त्या मताला इथे वर्तमानपत्री परीक्षणाहून जास्त वजन आहे.

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’पासून सुरुवात होते. तिथून किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी, बालगंधर्व अशी वाट पुण्या-मुंबईकडे वळते. वैनगंगेच्या खोऱ्यातली वाट वेगळी आहे. इथे नाटक येण्याच्या आधीपासून दंडार होती, खडी गंमत होती. दंडारीत पुराणातली आख्यानं, ढोलकीचा ठेका, बाईचं सोंग घेतलेले पुरुष आणि गावातल्या माणसांवर केलेल्या कोट्या असा सगळा मसाला एकत्र असे. खडी गंमत नावाप्रमाणे उभ्यानं चाले. शाहीर गात, नाच्या नाचे, आणि सवाल-जवाबात रात्र सरे. गावातल्या गावात कलावंत आणि गावातल्या गावात प्रेक्षक. कोण काय करतो ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे चुकीला माफी नव्हती आणि चांगल्या सोंगाचं कौतुक वर्षभर टिकत असे.

पुढे संगीत नाटकांची हवा नागपूरमार्गे इकडे पोचली आणि गावोगावी नाट्यमंडळं निघाली. या मंडळांनी दंडार टाकून दिली नाही. तिची सवय, म्हणजे रात्रभर चालणं, मधूनमधून हसवणं, गाण्याला मोठी जागा देणं, त्यांनी तीन अंकी नाटकात आणून बसवली. झाडीपट्टीचं नाटक शहरी नाटकापेक्षा वेगळं का दिसतं, याचं पहिलं उत्तर इथे आहे. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा आणि इथल्या लोकरंगभूमीचा जो अभ्यास केला, त्यामुळे हा धागा कागदावर आला. नाहीतर शहरातली नाटकाची पुस्तकं या भागाला एखाद्या परिच्छेदात उरकत होती.

या नाटकाचा हंगाम ठरवला तो धानानं. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणं. धान घरात आलं की हातात चार पैसे असतात, शेतात काम कमी असतं आणि बांध्या कोरड्या पडलेल्या असतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. गोवारी लोक ढाल घेऊन नाचत येतात, दिवसा दंडार होते, भजी-आलूबोंड्यांची दुकानं लागतात. मंडईचा दिवस प्रत्येक गावाचा वेगळा असतो, म्हणून पाहुण्यांना आज या गावी, परवा त्या गावी जाता येतं. पुढे थंडीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी कित्येक पिढ्यांनी पाहिली.

पटाच्या निमित्तानं गावात पाहुण्यांची रीघ लागते. एकेका घरी वीस-पंचवीस माणसं जेवायला असतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकीची बोलणी होतात. मुलगा किंवा मुलगी दुरून पाहून घेण्याची ही सोयीची वेळ असते, आणि कित्येक लग्नांची पहिली गोष्ट नाटकाच्या मंडपात निघालेली असते. मनोरंजन हा या रात्रीचा एक भाग झाला. गावाचं वर्षभराचं सामाजिक कामकाजही याच रात्री उरकतं.

नाटक रात्रभर का चालतं, याचंही उत्तर भूगोलात आहे. आठ-दहा मैलांवरून लोक बंडीनं किंवा पायी यायचे. वाटेत जंगल. वाघ-अस्वलाचं भय खरं होतं, ब्रह्मपुरी वनविभागातल्या गावांसाठी तर ते आजही खरं आहे. मध्यरात्री नाटक संपवून लोकांना पाठवायचं कुठे? उजाडेपर्यंत त्यांना बसवून ठेवणारं नाटक ही गरज होती. शहरातला समीक्षक या नाटकाला लांबट म्हणतो, भडक म्हणतो. कडाक्याच्या थंडीत, उघड्या मैदानात, तणसावर बसलेल्या हजारो माणसांपर्यंत आवाज आणि भाव पोचवायचा तर पुटपुटून कसं चालेल? हा अभिनय त्या मैदानाच्या मापानं बेतलेला आहे. बंद सभागृहाची फूटपट्टी त्याला लावणं अन्यायाचं आहे.

१९३१ साली ‘आलमआरा’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’, आणि बोलपटानं पुण्या-मुंबईच्या नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं. १९१३ साली उभी राहिलेली गंधर्व नाटक मंडळीसुद्धा त्या लाटेत डगमगली. १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त दिसले. झाडीपट्टीला हा फटका तसा बसला नाही. खेड्यांत वीज नव्हती, चित्रपटगृह नव्हतं, रस्तेही धड नव्हते. गॅसबत्त्यांच्या उजेडात नाटक चालू राहिलं. ज्या मागासलेपणाबद्दल या भागाला कायम हिणवलं गेलं, त्यानेच ही रंगभूमी तिच्या सगळ्यात कठीण काळातून पार नेली. पुढे वीज आली, टीव्ही आला, मोबाइल आला. तोवर नाटक ही गावाची रीत झाली होती आणि रीत इतक्या सहज मोडत नाही.

या व्यवसायाचं केंद्र वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसाच. वडसाच का, याचं कारण रेल्वे. गोंदिया ते बल्लारशा या मार्गावरचं वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्थानक म्हणून वर्षानुवर्षं ओळखलं गेलं. नदी ओलांडली की ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. वर गेलं की गोंदिया आणि भंडारा. चारही जिल्ह्यांतून इथे पोचणं सोपं, आणि नागपूरच्या नट-नट्यांनाही. हंगाम जवळ आला की मुख्य रस्त्यावर नाट्यमंडळांच्या कार्यालयांवर फलक चढतात, रंगीत पत्रकं लागतात, गावोगावच्या मंडळांचे लोक तारखा घ्यायला येतात. कंपन्यांची संख्या पन्नासच्या घरात आहे. रंगमंच, पडदे, ध्वनी, प्रकाश आणि कलावंत कंपनी आणते. मैदान, कनात, तिकीटविक्री आणि बंदोबस्त गावाचा. उरलेला पैसा मंदिर, वाचनालय, शाळा अशा कामांना जातो, आणि तोटा झाला तर तोही गावाचाच.

कलावंतांच्या कष्टांबद्दल मात्र बाहेर फार कमी बोललं जातं. हंगामात आज चामोर्शीकडे, उद्या सिंदेवाहीकडे, परवा साकोलीकडे अशी वणवण असते. दिवसा झोप, संध्याकाळी गाडी, रात्री रंगभूषा. एकच नट वेगवेगळ्या नाटकांत वेगवेगळ्या भूमिका करतो, आणि सगळ्यांनी एकत्र बसून तालीम करायला सवड क्वचितच मिळते. अशा वेळी खरा आधार प्रॉम्प्टरचा. विंगेतून तो संवाद पुरवतो, नट तो उचलून आपल्या ढंगात फेकतो. रंगमंचापुढे बसलेले ऑर्गन आणि तबलावाले नटाचा अंदाज घेत साथ करतात. पूर्वी स्त्रीभूमिका पुरुष करत. नंतर नागपूरकडून अभिनेत्री येऊ लागल्या, हंगामभर भाड्याच्या खोल्यांत राहू लागल्या. लेकरं घरी ठेवून किंवा सोबत घेऊन आलेल्या या बायांनी झाडीपट्टीचं नाटक पेललं आहे. त्यांच्याकडे पाहण्याची गावाची नजर मात्र टाळ्यांइतकी उदार नेहमीच नव्हती, हेही लिहून ठेवायला हवं.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका, अशी त्यांची नोंद आहे. ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणून लोक त्यांना ओळखतात. तो सन्मान जाहीर झाला तेव्हा झाडीपट्टीत जो आनंद झाला, त्यात एका माणसाच्या कौतुकापलीकडचं काही होतं. एका खेड्यातल्या विनोदी नटाला देशानं मान दिला होता आणि चार जिल्ह्यांना त्यात आपला चेहरा दिसला होता.

हा ‘आपण’ कोण, हा प्रश्न इथे सोपा नाही. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी, गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. जिल्ह्यांच्या रेघा बदलल्या, झाडीपट्टी मात्र धान, तलाव, बोली आणि नाटक यांनी बांधलेली राहिली. तिच्या कडाही ध्यानात घ्यायला हव्यात. एटापल्ली-भामरागडच्या माडिया गावांत रात्र जागते ती रेला नृत्यावर, सिरोंचाच्या बाजूला तेलुगूचा वावर आहे. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे अख्ख्या गडचिरोलीची कला, असं म्हणणं त्या दक्षिण भागावर अन्याय करणारं ठरेल.

बोलीचं दुखणं त्याहून जवळचं आहे. या नाटकांत नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात आणि विनोदी पात्र झाडीबोलीत. ज्या बोलीत माणसं आयुष्यभर रडली-भांडली, ती रंगमंचावर प्रामुख्यानं हसण्यासाठी यावी, हे खटकणारं आहे. प्रेक्षकांनाही आपली बोली ऐकून आनंद होतो, टाळ्या पडतात, म्हणून लेखक तीच चाल पुन्हा वापरतो. झाडीबोली साहित्य मंडळानं संमेलनं भरवून, पुस्तकं काढून बोलीला गंभीर लेखनात जागा मिळवून दिली. रंगमंचावर ती जागा अजून पुरती मिळालेली नाही. नायिकेनं आपल्या दुःखाचा शेवटचा संवाद झाडीबोलीत म्हटला तर मंडप हसेल, की गप्प होईल? एखाद्या कंपनीनं हे करून पाहावं.

विषयांच्या बाबतीत मात्र ही रंगभूमी मागे राहिली नाही. हुंडा, व्यसन, सावकारी, सासुरवास हे जुने विषय तर आहेतच. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी शेतकऱ्याच्या मरणावर ‘आत्महत्या’ लिहिलं. अनिरुद्ध वनकरांसारख्या कलावंतानं आंबेडकरी विचारांचं गाणं आणि नाटक गावागावात नेलं. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या आंदोलनातून १९९३ साली दारूबंदी आली. त्या जिल्ह्यात दारुड्या नवऱ्याचं दृश्य चालू असताना बायकांच्या बाजूनं येणारा हुंकार निव्वळ नाटकापुरता राहत नाही.

या रंगभूमीला बाहेरूनही धक्के बसले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या. पट बंद, तर नाटकाचं काय होणार, अशी धास्ती होती. पट बंद राहिले तरी नाटकं थांबली नाहीत, कधी मंडईच्या, कधी जत्रेच्या, कधी नुसत्या नाटकाच्या नावानं ती होत राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं महाराष्ट्राला शर्यतींची मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या सात वर्षांनी एक गोष्ट दाखवून दिली की नाटक आता पटाचं जोडकाम उरलेलं नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती ऐन हंगामाच्या शेवटी, आणि पुढच्या हंगामावरही तिची छाया पडली. हातावर पोट असलेल्या कलावंतांना तो काळ फार जड गेला.

२०२२ साली तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला आणि शहरातल्या प्रेक्षकाला ही दुनिया पडद्यावर दिसली. त्याच सुमारास गावातल्या गप्पांत एक वाद रंगू लागला होता, तो अजून मिटलेला नाही. अंकांच्या मधे घातलेली फिल्मी गाण्यांवरची नृत्यं काहींना हवी असतात, काहींना नकोशी. तरुण पोरं त्यासाठीच तिकीट काढतात, म्हातारी माणसं म्हणतात की आता नाटक कमी आणि नाच जास्त झाला. म्हाताऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पण दंडारीतही नाच होता आणि खडी गमतीतही. नाच कथेला धरून येतो की कथेला ढकलून, एवढाच प्रश्न आहे, आणि कंपन्यांनी तो लेखकावर सोपवला तर बरं.

सगळ्यांत तातडीचं काम संहितांचं आहे. शेकडो नाटकं लिहिली गेली, त्यांतली फार थोडी छापली गेली. बाकीची हस्तलिखितं लेखकांच्या पेट्यांत, कंपन्यांच्या कार्यालयांत आणि प्रॉम्प्टरांच्या वह्यांत आहेत. वाळवी आणि पावसाळा त्यांची वाट पाहत नाहीत. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीतच आहे. या वह्या, जुनी पत्रकं, तिकिटं, कंपन्यांच्या हिशोबाच्या नोंदी आणि वयस्क कलावंतांच्या आवाजातल्या आठवणी तिथे एका जागी जमा व्हायला हव्यात. सुरुवात प्रॉम्प्टरांच्या वह्यांपासून करावी, कारण रंगमंचावर प्रत्यक्ष म्हटलं गेलेलं नाटक त्या वह्यांच्या सगळ्यांत जवळचं आहे.