बिअरमधली दारू काढली, लोकांनी परत घातली

बिअर चवीसाठी पितात की चढण्यासाठी, हा वाद दुसऱ्या ग्लासानंतर कुठल्याही टेबलावर निघतो. क्राफ्ट बिअरवाला हॉप्स, माल्ट आणि कडवटपणाबद्दल बोलत असतो. समोरचा विचारतो, यातली दारू काढून दिली तर पिशील का? तो हे टोमणा म्हणून विचारतो, पण मला प्रश्न म्हणून तो आवडतो. कारण हे खरंच करून पाहिलं गेलंय, तेही एका अख्ख्या देशावर, तब्बल १३ वर्षं.

१७ जानेवारी १९२० ला अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. व्होल्स्टेड कायद्याने मर्यादा घातली अर्ध्या टक्क्याची. त्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय बेकायदा. मोठ्या ब्रुअरीजनी हिशेब केला, की गिऱ्हाइकाला चवीची सवय आहे, ती आपण पुरवू. नेहमीसारखी बिअर बनवायची आणि शेवटी त्यातला अल्कोहोल उडवून लावायचा. लोक तिला ‘निअर बिअर’ म्हणू लागले, म्हणजे बिअरच्या जवळपासचं काहीतरी. मिलरने ‘व्हिवो’ काढली, श्लिट्झने ‘फॅमो’, पॅब्स्टने ‘पॅब्लो’. सगळ्यांनी एकाच ज्योतिषाला विचारून नावं ठेवली असावीत असं वाटतं.

यात सगळ्यात गाजली ती बडवायझरवाल्या अनहायझर-बुशची ‘बेव्हो’. ती दारूबंदीच्या आधीच, १९१६ मध्ये बाजारात आली होती. भरात असताना वर्षाला सुमारे ५० लाख पेट्या खपायच्या. १९२९ पर्यंत तो आकडा लाखाच्या आसपास आला आणि कंपनीने बेव्होचा नाद सोडला.

मधल्या काळात गिऱ्हाइकाने चव सोडली नव्हती. त्याने फक्त काढून टाकलेली गोष्ट परत घातली. चोरट्या बारमध्ये निअर बिअरच्या पिंपात सुईने अल्कोहोल टोचायचे. तिचं नावच पडलं ‘नीडल बिअर’. तो अल्कोहोल कुठून आला आणि कितपत विषारी आहे, हे पिणाऱ्याच्या नशिबावर. किराणा दुकानात हॉप्स घातलेल्या माल्ट सिरपचे डबे मिळायचे. कागदोपत्री ते बेकिंगसाठी होते, पण एवढ्या कडू पाकाची बिस्किटं कोण खाणार? डबा घरी न्यायचा, पाणी आणि यीस्ट घालायचं आणि थांबायचं. हे डबे विकणाऱ्यांत अनहायझर-बुशही होती.

इथवर ऐकून ‘चढण्यासाठी’वाला जिंकला असं वाटेल. मला ते पटत नाही. एक तर प्रयोगच स्वच्छ नव्हता. अल्कोहोल उडवताना उष्णतेने सुगंधही उडतो, आणि तोंडात जाणवणारा बिअरचा भरीवपणा काही अंशी अल्कोहोलचाच असतो. म्हणजे बेव्होमधून फक्त दारू गेली नव्हती, चवीचाही एक तुकडा गेला होता. दुसरं म्हणजे ७ एप्रिल १९३३ ची रात्र. दारूबंदी पूर्ण उठायला अजून आठ महिने होते, पण त्या दिवसापासून वजनाने ३.२ टक्के अल्कोहोलची बिअर कायदेशीर झाली. आपल्या माइल्ड बिअरइतकीच ती. तिच्यासाठी मध्यरात्री ब्रुअऱ्यांच्या दारात गर्दी लोटली. जिन आणि व्हिस्की चोरट्या बारमध्ये तेरा वर्षं मिळतच होती. नुसतं चढायचंच असतं, तर या पातळ पेयासाठी एवढा जल्लोष कशाला?

आपल्याकडेही बहुतांश खप स्ट्राँग बिअरचा आहे, आणि हा आकडा पुरावा म्हणून तोंडावर फेकला जातो. पण देशीची क्वार्टर त्याहून स्वस्तात जास्त चढते. तरी माणूस ६५० मिलीची थंड बाटलीच मागतो. बंदी आली की मात्र ही निवडच संपते, कारण बिअर म्हणजे बहुतेक पाणी, आणि पाणी लपवून नेणं कुणाला परवडत नाही. मुंबई राज्यात १९४९ चा कायदा आला तेव्हा फोफावली ती हातभट्टी. ट्यूबमध्ये भरून नेता येते, घोटात काम होतं. (तोच कायदा आज ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने चालू आहे. प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.)

माझ्या मते या वादाचं खरं उत्तर आइसलँडमध्ये आहे. तिथे १९१५ पासून पूर्ण बंदी होती. १९२२ मध्ये स्पेन अडून बसला, की आमची वाइन घ्या, नाहीतर तुमचे खारवलेले मासे घेणार नाही. वाइन सुटली. १९३५ मध्ये व्होडका-व्हिस्कीही सुटली. अडकली ती फक्त बिअर. बिअर स्वस्त असते, कामगार आणि तरुण पोरं तिच्यामुळे नादाला लागतील, असा दारूबंदीवाल्यांचा युक्तिवाद होता. सव्वादोन टक्क्यांपर्यंतची पिल्सनर चालेल, त्यावरची नाही.

म्हणजे बघा, चव एका बाटलीत कायदेशीर, नशा दुसऱ्या बाटलीत कायदेशीर. फक्त दोन्ही एकत्र आलेल्या बेकायदा. फक्त चव हवी असलेल्याने पिल्सनरवर समाधान मानायला हवं होतं, फक्त नशा हवी असलेल्याने व्होडकावर. १९८० च्या दशकात रेक्याविकच्या पबमध्ये लोक काय पीत होते? पिल्सनरमध्ये व्होडका ओतून बनवलेलं ‘ब्योरलीकी’. त्यांच्या भाषेत मार्गारिनला ‘लोण्यासारखं’ अशा अर्थाचा शब्द आहे, त्याच धर्तीवर हे ‘बिअरसारखं’. आपला डालडाच म्हणा ना! चवीला कुणी नावाजावं असं ते नव्हतंच. पण मोठा ग्लास, फेस, कडवटपणा आणि गप्पा संपेपर्यंत हळूहळू चढत जाणं, हे सगळं त्यातल्या त्यात त्यातच मिळत होतं. १९८५ मध्ये सरकारने पबमधल्या ब्योरलीकीवरही बंदी आणली.

त्याने बिअरची मागणी उलट वाढलीच. मे १९८८ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहात १३ विरुद्ध ८ मतांनी बिअर सुटली आणि १ मार्च १९८९ ला विक्री सुरू झाली. देशाची लोकसंख्या तेव्हा अडीच लाखांच्या आसपास. पहिल्याच दिवशी सुमारे ३ लाख ४० हजार कॅन खपले. सरकारी दुकानांत व्होडका तेव्हा ५४ वर्षं विकली जात होती.