तेल सांडलेली माती आणि धानाचं तणस: सफाई नेमकी कोण करतं?

गोंदियात ट्रॅक्टर किंवा दुचाकी दुरुस्तीच्या दुकानासमोरची जमीन कधी नीट पाहिली आहे? जुनं इंजिन ऑइल सांडून ती काळी आणि टणक झालेली असते, भर पावसाळ्यातही तिथे गवत उगवत नाही. आणि याच जिल्ह्यात धान निघालं की हार्वेस्टरने कापलेल्या बांध्यांमध्ये तणस पेटवून दिलं जातं. हे तणस त्या मातीच्या कामी येतं का? येतं. पण तणस स्वतः तेल खात नाही, हे आधी सांगून टाकतो.

तेल खातात ते मातीतले जीवाणू. डिझेल आणि इंजिन ऑइल म्हणजे मुख्यतः कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. जीवाणू त्या तोडून ऊर्जा मिळवतात, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. असे जीवाणू जवळपास कुठल्याही मातीत थोडेफार असतातच. मग दुकानासमोरचा डाग वर्षानुवर्षं तसाच का राहतो?

हवेचा हिशेब

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला गोष्ट पटत नाही. समजा 100 किलो मातीत 2 किलो तेल मुरलंय. एक किलो तेल पूर्ण तुटायला साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे इथे 7 किलो. हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन धरला तर सुमारे 30 किलो हवा लागेल. ती मावायला 10 बाय 10 ची, 9 फूट उंच अख्खी खोली लागते! आणि ही सगळी हवा तेलाने चिकटलेल्या, पायाखाली दाबलेल्या काही घमेली मातीत शिरायची आहे.

इथे तणस उपयोगी पडतं. कापून मिसळलं की मातीत पोकळ्या तयार होतात, हवा खेळते, ओल टिकते. तणसाच्या पृष्ठभागावर तेल पसरतं आणि जीवाणूंना बसायला जागा मिळते. धानाचं तूसही पोकळीसाठी चांगलं, त्यात सिलिका भरपूर असल्याने ते लवकर कुजत नाही.

दुसरी अडचण नायट्रोजनची. तेलात कार्बन भरपूर, नायट्रोजन जवळजवळ नाहीच. तणसातही तेच. कच्चं तणस नांगरून टाकलं तर पुढचं पीक पिवळं पडतं, हे घरच्या शेतकऱ्याला विचारा. जीवाणू मातीतला नायट्रोजन स्वतःकडे ओढून घेतात म्हणून तसं होतं. म्हणून 100 भाग कार्बनमागे 5 ते 10 भाग नायट्रोजन द्यावा लागतो. आपल्या 2 किलो तेलात साधारण 1.7 किलो कार्बन असतो. कमीत कमी प्रमाण धरलं तरी 85 ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे जवळपास 185 ग्रॅम युरिया. तोही एकदम टाकायचा नाही, हप्त्याहप्त्याने. जास्त झाला तर जीवाणूच मरतात. चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं तर नवे जीवाणूही मिळतात.

हे फक्त कागदावरचं नाही. दिल्लीच्या टेरी संस्थेने 'ऑइलझॅपर' नावाचं मिश्रण बनवलं. त्यात तेल खाणारे पाच प्रकारचे जीवाणू एकत्र केलेत, आणि त्यांना वाहून न्यायला वापरलीय दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाची पूड. म्हणजे शेतातला टाकाऊ मालच. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तेव्हाच्या सफाईतही ऑइलझॅपर वापरलं गेलं.

आणखी एक गडी आहे, धिंगरी अळिंबी. ती तणसावरच वाढते. लाकडातला कठीण लिग्निन तोडायला ती जे एन्झाइम सोडते, तेच जड तेलातल्या कड्यांसारख्या रेणूंवरही चालतात. अमेरिकेत पॉल स्टॅमेट्स यांनी डिझेल मुरलेल्या मातीच्या ढिगावर धिंगरी वाढवून दाखवली होती. (अशी धिंगरी भाजीला नाही, हे सांगायला नको.)

कुठे चालत नाही?

पाणी भरलेल्या बांधीत. चिखलात हवा जवळजवळ नसतेच, त्यामुळे पंपाचं डिझेल तिथे सांडलं तर ते फार हळू तुटतं. शक्य असेल तर ती माती उचलून उंच, कोरड्या जागी आणायची, खाली जाड प्लास्टिक आणि वर ताडपत्री, नाहीतर पहिल्याच पावसात तेल नाल्यात. तणस मिसळून दर आठवड्याला ढीग पालथा घालायचा. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकी ओल हवी. मे महिन्यात हे सांभाळणं खरंच कठीण असतं. डिझेल काही महिन्यांत बरंच कमी होतं, घट्ट काळ्या ऑइलला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. तेलाळ तणस गुरांना घालू नका, जाळू तर अजिबात नका.

मोठी मर्यादा वेगळीच आहे. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जस्त, तांबं असे धातू असतात, कधी शिसंही. कुठलाच जीवाणू धातू खाऊ शकत नाही. तेल गेलं तरी ते मातीतच राहतात, म्हणून अशा माती‍त नंतर भाजीपाला लावू नये. शिवाय वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते डब्यात जमा करून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं.

माती किती सुधारली हे घरच्या घरी पाहायचं तर 20 मूग त्या मातीत आणि 20 मूग चांगल्या मातीत पेरा, आठवड्याने किती उगवले ते मोजा. हा अंदाजच. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश कळतं, तेल नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत 'टोटल पेट्रोलियम हायड्रोकार्बन' ही चाचणी मागावी लागते, आणि धातूंची चाचणी वेगळी.