मोटारीच्या कांचेचें हँडल

शिरोळ तालुक्यांत नृसिंहवाडीस कृष्णा व पंचगंगा मिळतात, आणि त्या दोघींच्या महापुराचें पाणी २००५, २०१९ व २०२१ या सालीं तेथील घरादारांत शिरलें. पूर ओसरतांच मोटार बाहेरून धुतली जाते. दाराच्या पोकळींत बसलेला गाळ मात्र तसाच राहतो. जुन्या गाडीच्या कांचेचें हँडल पुढें घट्ट होतें, त्याचें मूळ पुष्कळदां तेथें असतें.

आरंभीच्या बंद मोटारींत हें हँडल नव्हतेंच. बग्गीप्रमाणें चामड्याचा पट्टा ओढून कांच चढवावी लागे. १९२० नंतरच्या दशकांत हँडल सर्वत्र रूढ झालें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या, कुर्ल्यास बनलेल्या गाड्यांतहि तेंच होतें.

हँडल फिरलें कीं आंतलें लहान दांतेरी चाक पंख्याच्या आकाराच्या मोठ्या दांतेरी पट्टीस ढकलतें, व तिचा बाहु कांच उचलतो. हौशी मालक येथें मनगटाचा जोर लावतो. दांते झिजतात, आणि उत्पादन थांबलेल्या गाडीचा तो भाग मिळणें मोठें कठीण! जाणता मिस्त्री आधीं दाराचें अस्तर उतरवितो, वाळलेलें वंगण रॉकेलनें धुतो व दांत्यांना नवें ग्रीस देतो. कांच ज्या नमद्याच्या खोबणींतून सरकते तेथें तेल घालूं नये, त्यास धूळ चिकटते. शंखजिऱ्याची पूड पुरते. दाराच्या तळाचीं भोकें गाळानें बुजलेलीं असतील तर तीं तारेनें मोकळीं करावीं लागतात, नाहींतर पुढल्या पावसाळ्यांत पाणी आंत साचून गंज पुन्हां धरतो.