सीएचआयटी१ (जनुक)

सीएचआयटी१ हे मानवाच्या पहिल्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवरील जनुक असून त्यात कायटोट्रायोसिडेज या विकराची संहिता असते. कवके व कीटक यांच्या आवरणातील कायटिन ही शर्करा-घटकांची दीर्घ साखळी होय. हे विकर ती तोडते. ते उद्दीपित बृहद्भक्षक पेशींतून स्रवते व रक्तद्रवात मिसळते.

गॉशे या आनुवंशिक विकारात बृहद्भक्षक पेशींत मेदद्रव्य साचते. अशा रुग्णांच्या रक्तद्रवात या विकराची क्रियाशीलता शेकडो पटींनी वाढते, असे १९९४ मध्ये ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी दाखवले. उपचार लागू पडल्यास ती घटते. म्हणून उपचारांच्या पाठपुराव्यासाठी तिचे मापन करतात.

मात्र या जनुकातील २४ आधारक-जोड्यांची द्विरावृत्ती आई व वडील या दोघांकडून आल्यास सक्रिय विकर तयार होत नाही. युरोपीय वंशाच्या सुमारे ६ टक्के व्यक्तींत ही स्थिती आढळते. त्या सामान्यतः निरोगी असतात. पण अशा व्यक्तीस गॉशे विकार झाला, तरी मापनात वाढ दिसत नाही. त्यामुळे केवळ या चाचणीवरून विकार नसल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. निदानासाठी ग्लुकोसेरेब्रोसिडेज या विकराची क्रियाशीलता तपासावी लागते.