विटेचा वीट

मराठी माणसाला वीट नवीन नाही. एक वीट पुंडलिकाने फेकली, तिच्यावर पांडुरंग उभा राहिला, तो अजून उतरलेला नाही. दुसरी वीट आम्हाला येते. नोकरीचा येतो, लोकलचा येतो, नातेवाइकांचा तर वर्षाचे बारा महिने येतो. तिसऱ्या विटेपायी मी १९८६ साली गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून भाईंदरला आलो. मिठागरांचा वारा खात वीस वर्षं हप्ते फेडले, तेव्हा कुठे ती वीट माझी झाली. चौथी वीट मात्र परवा घरात शिरली. ती प्लॅस्टिकची. तिच्यासाठीच हा सगळा प्रपंच.

त्याचं असं झालं, नातवाचा सहावा वाढदिवस होता. चिरंजीवांनी एक खोका आणला. वर शर्यतीच्या मोटारीचं चित्र, आत सुटे तुकडे. "म्हणजे मोटार मोडलेलीच विकतात?" मी विचारलं. "बाबा, ती आपण बांधायची असते," तो म्हणाला. "आणि किंमत विचारू नका." म्हणून मी ती खोक्यावरच वाचली. तेवढ्या पैशात एके काळी नवघरला खरी भिंत उभी राहिली असती.

पण इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला रागही धड करता येत नाही. मी चौकशी केली, तर या विटेच्या मुळाशी निघाला एक सुतार! ओले कर्क क्रिस्तियानसेन त्याचं नाव, राहणार डेन्मार्कातल्या बिलुंड गावचा. मंदीत घरं बांधायची कामं मिळेनात, म्हणून १९३२ साली तो शिड्या, इस्त्रीची टेबलं आणि लाकडी खेळणी करू लागला. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत तो सहज खपून गेला असता. १९३४ साली त्याने 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचे तुकडे जोडून नाव केलं : लेगो. म्हणजे जोडायची सवय नावापासूनच. १९४२ साली कारखाना जळून खाक झाला. गड्याने पुन्हा उभा केला.

१९४९ साली त्याने प्लॅस्टिकची वीट काढली. मूळ कल्पना हिलरी पेज नावाच्या इंग्रज गृहस्थाची. पण ती वीट खालून पोकळ, त्यामुळे बांधकाम जरा हललं की कोसळायचं. (हा अनुभव घ्यायला भाईंदरकराला डेन्मार्कला जावं लागत नाही.) अखेर जानेवारी १९५८ मध्ये मुलाने, गॉटफ्रेडने, विटेच्या पोटात नळ्या बसवून पेटंट मागितलं आणि वीट विटेला घट्ट धरू लागली. दोनच महिन्यांनी म्हातारा गेला. त्याच्या मुलाची ती वीट आजच्या विटेत अजून बसते. आमच्या इमारतीत वरच्या मजल्याचा नळ खालच्या पाइपात बसत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आठ टिकल्यांच्या सहा विटा किती तऱ्हांनी जोडता येतील? कंपनी वर्षानुवर्षं सांगत होती, १०,२९,८१,५००. पुढे गणितज्ञांनी पाहिलं, तर तो आकडा फक्त सहा मजली मनोऱ्यांचा! खरं उत्तर ९१,५१,०३,७६५. एवढी चूक आमच्या सोसायटीच्या हिशेबातही आजवर सापडलेली नाही.

विटेला चाक लागलं १९६२ साली. मग शर्यत काय दूर! १९९९ साली 'लेगो रेसर्स' नावाचा व्हिडिओ गेम आला. त्यात आधी पडद्यावर विटा जोडून मोटार बांधायची, मग पळवायची. २०२३ साली त्याच जातीचा 'लेगो टू के ड्राइव्ह' आला. मे २०२५ मध्ये तर मायामीला फॉर्म्युला वनच्या खऱ्या शर्यतीआधी खरे ड्रायव्हर विटांच्या खऱ्याएवढ्या मोटारींत बसून फिरले. एकेका मोटारीला सुमारे चार लाख विटा, वेग ताशी वीस किलोमीटर. संध्याकाळी सातला काशिमिऱ्याच्या नाक्यावर एवढा वेग मिळाला तर आम्ही पेढे वाटू.

पण विटांच्या मोटारीची शर्यत मी त्याआधीच पाहिली होती. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोवने १९८४ साली 'टेट्रिस' काढला. त्याची हातात मावणारी स्वस्त नक्कल नव्वदीत आपल्या फूटपाथवर 'ब्रिक गेम' म्हणून आली. तिच्यातच एक शर्यत असे. मोटार म्हणजे पाच-सात काळे चौकोन. तो खेळ चिरंजीवांनी शेजाऱ्यांच्या मुलाकडून पाच-पाच मिनिटं उसना घेऊन खेळला. उसना, कारण मी घेऊन दिला नव्हता.

आणि इथेच माझा इतिहास जरा अडखळतो. १९९३ साल. बोरिवलीच्या एका दुकानात तो आठ वर्षांचा पोरगा विटांच्या खोक्यापुढे उभा राहिला. तोंडाने काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. खिशात हप्त्याचे पैसे होते. मी म्हटलं, "अरे, आपण खरं घर बांधतोय की! खोट्या विटा कशाला?" माझा विनोद मलाच फार आवडला. तो हसला नाही. पुन्हा त्याने कधी मागितलंही नाही. त्या दिवाळीत सोसायटीच्या आवारात त्याने माती आणि काड्यापेट्यांचा घोडबंदरचा किल्ला केला, तोच जो १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. सगळ्यांनी वाखाणला. मीही. हप्ता चुकला नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता. आजही आहे, फक्त पूर्वीइतका चढत नाही.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो, तर पायाखाली काहीतरी असं टोचलं की पांडुरंगाचीच आठवण झाली. हा देव विटेवर उभा राहतो तरी कसा! दिवा लावून पाहतो, तर नातू केव्हाच झोपलेला आणि चाळिशीचे चिरंजीव चष्मा नाकावर घेऊन जमिनीवर मांडी घालून बसलेले. पुढ्यात अर्धी मोटार.

"काय रे, पोराचा खेळ?"

तो चोरासारखा दचकला. मग म्हणाला, "एक तुकडा सापडत नाहीये, बाबा."

मी पायाखालचा तुकडा उचलून त्याला दिला. त्याने तो बसवला. टक्क असा आवाज झाला.

"बसता?" त्याने सरकून जागा केली.

गुडघ्यांनी तक्रार केली, पण बसलो. खोके आणायला मला बत्तीस वर्षं उशीर झाला होता, आणि तेही अखेर त्यालाच आणावं लागलं होतं. त्यावर दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. तो चित्र पाहून सांगत होता, मी तुकडे शोधून देत होतो. पहाटे पहिली लोकल खाडीच्या पुलावर धडधडली, तेव्हा मागचं डावं चाक बसायचं होतं.

सौ. उठून बाहेर आली आणि म्हणाली, "वीट कसा येत नाही तुम्हाला?"

नाही आला.